तुझी गाडी उभी आहे

ऊर्जानगर, ४ डिसेंबर २०२४

चि. दिव्यानीस अनेक आशीर्वाद.

तुमची नाटकमंडळी फिरते त्या गावांत फोन लागत नाही, म्हणून मंडळीच्या वडशाच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितो. क्वार्टर शांत आहे. परवा तुझा तो शहरभर गाड्या ठोकायचा गेम काढला, धूळ पुसली. टीव्हीला वायरी मीच लावल्या, कोणाला विचारलं नाही.

गेममध्ये चुका फार. बस काटकोनात वळते, तरी मागचं चाक फुटपाथवर चढत नाही. सव्वीस वर्षं कंपनीची बस चालवतो, मला शिकवू नये. पडद्याच्या वरच्या अर्ध्यात माझी गाडी. पाऊण तास चालवली, प्रत्येक सिग्नलला थांबलो, कुठे घासली नाही. गुण शून्य. शेजारचे गफ्फारभाई हसून म्हणाले, "लटारूभाऊ, इथी धडक माराले लागते." ते आपल्याच्यानं होत नाही.

थंडी आहे, स्वेटर घालत जा. बाकी माया आहेच.

बाबा

वडसा, ११ डिसेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचे शून्य गुण वाचून सगळी मंडळी हसली. पण बाबा, पडदा अर्धा होतो तो दोघं खेळतात तेव्हाच. दुसऱ्या रिमोटचं बटण दाबल्याशिवाय सुरूच होत नाही. माझ्या गाडीवर कोण बसतं?

"नाटकात गेली त माह्या दारात पाय ठेवू नको," म्हणाला होतात. दोन हंगाम झाले, ठेवला नाही. तुम्ही मात्र येऊ शकता. शनिवारी, २१ ला, नागभीडजवळ प्रयोग आहे. त्यात मी वकिलीण झाले आहे. पुढची एक खुर्ची धरून ठेवते.

राग उतरला असेल तर कळवा, नसेल तरी कळवा.

दिव्यानी

ऊर्जानगर, १६ डिसेंबर

चि. दिव्यानीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीवर कोणी बसत नाही. दोन्ही बटणं मीच दाबतो. खालच्या अर्ध्यात ती उभी असते; लाल, तू घ्यायचीस तीच. मी शहर फिरून येतो आणि तिच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, गाडी लावतो.

शनिवारची रजा टाकली. वकिलाचा काळा कोट बटणं लावून घालतात, तेवढं बघ.

दाराबद्दलचं ते वाक्य मागे घेतो. संक्रांतीला दोन दिवस घरी ये. दुसरा रिमोट चालतो, तपासला आहे.

तुझी वाट पाहणारा,
बाबा

ता. क. काल अंतराचा अंदाज चुकला असं समज. माझी गाडी तुझ्या गाडीला हळूच लागली. सव्वीस वर्षांतली पहिली धडक. दहा गुण मिळाले.