खळीवाला परत आला

४ नोव्हेंबर
परत आला! खळीवाला परत आला! पेपरात अर्धं पान फोटो. दाढी पांढरी, डोळ्यांखाली पिशव्या, पण उजव्या गालावर तीच खळी. इतकी वर्षं कुठे तोंड लपवून बसला होता कोण जाणे. ओळीने पिक्चर आपटले, मग हॉटेल काढलं, तेही बुडालं — लोक म्हणाले, संपला. संपला म्हणे! आता बापाच्या भूमिकेत का होईना, पोस्टरवर पहिलं नाव त्याचंच आहे.

ताईला दाखवला. उशीवरून मान उचलून बघतच राहिली. "म्हातारा झाला गं मेला!" म्हणाली, आणि चक्क लाजली.

तिला घेऊन जाणारच. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय, आता औषधं फक्त दुखणं कमी करायला. ताईला मी सांगते, अशक्तपणा आहे, थंडी सरली की हिंडाफिरायला लागशील. तिला कळता कामा नये. बाकी काही जमो न जमो, एवढं मला जमवायचंय.

५ नोव्हेंबर
दुकानात चित्त नाही. एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर चढवला! मालक म्हणाले, "बाई, आधी स्वतःचे डोळे तपासून घ्या." पन्नाशी उलटल्यावर हिरोसाठी रजा मागायची म्हणजे — पण मागितली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिला दिवस, पहिला खेळ. ताई चाकाच्या खुर्चीत, ओठांना लिपस्टिक. दिसली खरी पूर्वीसारखी.

खळीवाला आला आणि काळजात कळ उठली. काय चालायचा हा माणूस! आता पाय ओढतो. पण आवाज तसाच, आणि पूर्वी नुसता देखणा होता, आता कामही येतं त्याला. मुलीशी भांडून पाठ फिरवतो ना, त्या पाठीकडे बघून मी रडले.

मग खोकला लागला त्याला. रुमालावर रक्त. ताईने माझा हात दाबला आणि आम्ही निघालो — जुनी रीत. हा शेवटी मरायचाच. त्याच्या मरण्यावरच तिकिटं खपायची. आम्ही शाळेत असल्यापासून त्याला मरताना पाहिलेलं नाही. वारं फिरलं की उठायचं, बाहेर पायरीवर बसायचं आणि शेवट आपणच ठरवायचा. आमच्यापुरता तो नेहमी जगला. दारावरचा माणूस कपाळाला हात लावायचा, "अगं पोरींनो, अजून पिक्चर आहे!"

आजचा शेवट ठरवायला ताईला दम उरला नव्हता. घरी येईपर्यंत डोळे मिटून होती.

९ नोव्हेंबर
इंजेक्शन द्यायला येते त्या नर्सने काल पिक्चर पाहिला. मी दुकानातून आले तर ताई म्हणते, "अगं, बरा होतो तो! मुलगी येते, ऑपरेशन होतं, शेवटी नातवाला खांद्यावर घेऊन चालतो. आपण दोघी खुळ्या, उगाच उठून आलो!"

इतक्या दिवसांनी पोटभर हसलो. मी संधी साधली. म्हटलं, "बघ, तूसुद्धा अशीच ठणठणीत होणार." "होणार तर," ताई म्हणाली. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. तिला काहीही कळलेलं नाही.

१८ नोव्हेंबर
ताई गेली.

२७ नोव्हेंबर
घर खायला उठतं. औषधांच्या बाटल्या फेकवत नाहीत.

३० नोव्हेंबर
एकटीच गेले. म्हटलं, नातवाला खांद्यावर घेतलेला तरी डोळे भरून बघावा. खोकला लागला तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले.

मेला तो! मुलगी पोचायच्या आधीच, इस्पितळाच्या बाकावर. ऑपरेशन नाही, नातू नाही, काही नाही. दिवे लागले तरी मला उठवेना. त्या नर्सचा संताप संताप आला — मरणाऱ्या बाईला थापा मारायच्या? मग वाटलं, मी तरी दुसरं काय करत होते?

१ डिसेंबर
नर्सला फोन केला. ती म्हणाली, "अहो, मी त्यांना खरं तेच सांगितलं होतं, तो मरतो म्हणून. त्याच म्हणाल्या, धाकटीला बोलू नकोस. मला काही माहीत नाही असं वाटतंय तिला, आणि तेवढ्यावरच ती उभी आहे."