रडवणारी गोष्ट

४ फेब्रुवारी

वर्गासाठी मागितलेल्या देणगीला पुन्हा नकार. तिसरी संस्था. "आपले कार्य स्तुत्य आहे, परंतु..." परंतुच्या पुढे वाचलंच नाही.

सायकलवाल्याने जिन्यात गाठलं. वर्ग भरतो ती त्याच्याच दुकानावरची खोली. "बाई, आजवर फुकट वापरलीत, मी काही बोललो नाही. आता दुकानात जागा नाही, निम्मे टायर जिन्याखाली पडलेत. भाडं देत असाल तर ते दुसरीकडे हलवतो. नाहीतर महिनाअखेर खोली सोडा." त्याचं काय चुकलं? शाळा सुटल्यावर ही मुलं जाणार कुठे, हे त्याने का बघावं?

६ फेब्रुवारी

चौथ्या संस्थेच्या बाईंना फोन. आवाज मधाळ. "ताई, हजेरी, निकाल, हे सगळेच पाठवतात. मला एखाद्या मुलाची गोष्ट द्या. वाचताना गळा दाटून आला पाहिजे." मी नुसती हो हो करत राहिले. फोन ठेवल्यावर स्वतःचीच चीड आली.

कुलूप लावताना खालून पुटपुट ऐकू आली. सायकलवाला रेडिओ चालूच ठेवून जातो वाटतं.

९ फेब्रुवारी

मुलांना कुठून कळलं कोण जाणे. शुद्धलेखन राहिलं बाजूला, रडवायची चढाओढ सुरू! भोंगा – त्याचा आवाज चौकापर्यंत जातो – म्हणाला, "लिहा बाई, माझे बाबा समुद्रात बुडाले." बाबा कालच त्याला न्यायला आले होते.

"आईलाही बुडव," मागून कोणीतरी.

"आई नको. मग डबा कोण देणार?"

किती दिवसांनी हसले.

मग मुंगी. आठ वर्षांची, एरवी तोंड न उघडणारी. "बाई, असं लिहा. एक मुलगी वर्ग सुटला की जिन्याखाली बसते. आई कामावरून येईपर्यंत. किल्ली आईकडे असते ना. भीती वाटली की पाढे म्हणते."

"यात मरतं कोण?" भोंगा.

"कोणीच नाही."

"मग रडू कसं येणार?"

मीही म्हणाले, "छान आहे गं, पण जरा साधी झाली."

१० फेब्रुवारी

भोंग्याच्या बाबांना बुडवलं आणि गोष्ट पाठवली. समुद्राऐवजी नदीत – तेवढंच माझं पदरचं. नवऱ्याने वाचून चष्मा पुसला. "खरंच का गं?" मी उठून भांडी घासायला घेतली.

१५ फेब्रुवारी

भोंग्याचे बाबा दारात आले. "बाई, त्रास देत नाही ना आमचा?" मला वर बघवेना.

१९ फेब्रुवारी

संस्थेकडून उत्तर नाही. खोलीतली चित्रं काढून ठेवायला लागले. मुलं विचारतात, "रंग द्यायचाय का बाई?" हो म्हणते.

२२ फेब्रुवारी

मंजूर. अख्ख्या वर्षाचं भाडं! "ऑफिसात सगळे रडले," संस्थेच्या बाई म्हणाल्या. मुलं एवढी नाचली की सायकलवाला पाना हातात घेऊनच वर धावत आला. मी मात्र भोंग्याकडे न बघता फळा पुसत राहिले.

२३ फेब्रुवारी

चष्मा विसरला म्हणून अंधार पडल्यावर परत गेले. दुकान बंद. आत रेडिओ वगैरे काही नाही. जिन्याखालच्या टायरांच्या मागून बाराचा पाढा, अगदी सावकाश.

"बाई, मी सांगितलं होतं ना," मुंगी म्हणाली. आणि जरा सरकून तिने मला जागा करून दिली.