बिघाड नसलेल्या टीव्हीची तक्रार

॥ श्री ॥
जळगाव, चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप रुपचंदभाऊ यांस, धाकटी बहीण बेबा हिचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही धुळ्याहून पाठवलेलं सामान मिळालं ते असं: सत्तेचाळीस इंची टीव्ही एक, रिमोट एक, चित्र अंगावर आल्यासारखं दिसायचे काळे चष्मे पाच (एकाची दांडी दोऱ्याने बांधलेली आहे, गाठ मोहिनीवहिनींचीच दिसते), पेनड्राइव्ह एक, स्टँडचे स्क्रू तीन (चौथा तिकडे सापडला तर जपून ठेवावा) आणि कुरडयांची पिशवी. टेम्पोचं भाडं बाराशे, उतरवणाऱ्या दोघांचे दोनशे, भिंतीतल्या पट्टीचे सहाशे चाळीस आणि नारळ पस्तीस. म्हणजे तुम्ही फुकट दिलेला टीव्ही आम्हाला दोन हजार पंच्याहत्तरला पडला. ही तक्रार नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं, आता सुईत दोरा ओवतात असं ऐकलं, बरं वाटलं. इकडे सर्व खुशाल आहे असं पुढे लिहायची पद्धत आहे. ते वाक्य मी या खेपेला लिहीत नाही, कारण ह्यांच्या डाव्या डोळ्याविषयी लिहायलाच बसले आहे. फोन केला असता, पण हे घरात असले की माझा फोन स्पीकरवर टाकायला लावतात, आणि शेतात गेले की तो खिशात घालून नेतात. सुनेच्या, कामिनीच्या फोनवरून बोलावं तर ती नवीनला सांगणार, नवीन बापाला रागावणार, आणि बाप हट्टाला पेटला की संपलं. तेव्हा पोस्टच बरं.

आता डोळ्यात टीव्ही कसा आला ते सांगते. गुरुवारी नवीनने तो भिंतीवर बसवला. मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला (टीव्हीपासून लांब, उंबऱ्यावर). सुरू केला तर एकाच बाईच्या दोन बाया शेजारी शेजारी, दोघी किडकिडीत. हे म्हणाले, भाऊंनी जुना माल गळ्यात मारला. मलाही आधी तसंच वाटलं (खोटं का लिहू). मग कामिनीने रिमोटवरचं कुठलंसं बटण दाबलं, तशा दोन्ही बाया एकमेकींत शिरल्या आणि चित्र पुसट झालं. ते चष्मा लावल्यावर स्वच्छ दिसतं हे आम्हाला अर्ध्या तासाने कळलं. तोवर मी पडदा दोनदा ओल्या फडक्याने पुसला होता.

संध्याकाळी शेजारच्या सुनंदाबाई आणि समोरचा लोटन पाहायला आले. नवीनने मोबाइलवरून कुठल्याशा घाटावरची आरती उतरवून घेतली होती, ती लावली. भाऊ, निरांजन पडद्यातून निघून थेट आमच्या पुढ्यात आलं. माझे हात आपोआप पुढे गेले आणि मी आरती घेतली. सुनंदाबाईंनीही घेतली, आणि घेतल्यावर तळहात पाहत म्हणाल्या, ऊब नाही लागली हो. (त्यांना चष्म्यावर चष्मा लावावा लागतो, म्हणून एक हात नाकावर होता. आरती त्यांनी एकाच हाताने घेतली. देव समजून घेईल.) त्यानंतर तुमच्या पेनड्राइव्हमधला समुद्र लागला. त्यातला एक मोठा मासा तोंड उघडून सरळ माझ्या नाकापर्यंत आला. आपल्या घरात तीन पिढ्यांत मासा शिरला नाही. मी उठून चूळ भरून आले. कामिनीने डोळे मिटले, सुनंदाबाई वाकल्या, आणि लोटन, एवढा आडदांड माणूस, पाटावरून मागे पडला. एकटे हे मांडी घालून स्थिर.

त्यावरून गल्लीत ह्यांचं फार नाव झालं. लोटनला आपली बाजू सावरायची होती, म्हणून तो ह्यांच्याबद्दल सगळ्यांना सांगत सुटला, "बठ्ठा वाकी गयात, अण्णा मात्र हालनात नहीत." हेही दोन दिवस छाती काढून बसले. पण रात्री जेवताना मला म्हणाले, "तो मासा कुठे आला होता गं? काचेतच तर होता." त्यांचं म्हणणं असं, की टीव्ही बिघडलेला आहे आणि आम्ही सगळे तुमचं मन राखायला उगाच वाकतो.

माझा घास तिथेच थांबला. कारण महिनाभर मी ह्यांना बोलत होते. चहा कपात ओतताना बशीत सांडतात. जिना उतरताना शेवटची पायरी पायाने चाचपतात. नशिराबादच्या शेताला जाताना महामार्गावर दूधवाल्याच्या कॅनला गाडी घासली तीही डाव्या अंगाने, आणि शिव्या खाल्ल्या त्या दूधवाल्याने. मला वाटलं, वय झालं, लक्ष नसतं. मॅट्रिकला मी डोळ्याची आकृती काढली होती, तिला पाचपैकी पाच मिळाले होते. बाहुली, भिंग, पडदा सगळं अजून काढून दाखवीन. पण घरातला डोळा पाहिला नाही.

शनिवारी मी एक प्रयोग केला. जुन्या कॅलेंडरचा कागद कापून एका चष्म्याच्या डाव्या काचेला आतून चिकटवला आणि तो ह्यांना लावायला दिला. पाच मिनिटं हे मजेत समुद्र पाहत बसले. मग पाणी आणायच्या निमित्ताने चष्मा मागून घेतला, कागद उजव्या काचेला लावला आणि परत दिला. हे म्हणाले, "लाईट गेली का?"

वर पंखा फिरत होता, भाऊ. टीव्हीतून लाटांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "हो, गेली होती. आली आता," आणि चष्मा काढून घेतला. एकादशीचा उपास एकदाही मोडला नाही मी, पण त्या दिवशी नवऱ्याशी सरळ खोटं बोलले.

सुनंदाबाई म्हणतात, मोतीबिंदू असला तर डोळा परत मिळतो, काचबिंदू असला तर गेलेलं येत नाही, राहिलेलं तेवढं वाचवायचं असतं. काय आहे ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. आणि ह्यांना डॉक्टरकडे न्यायचं कसं? माझे थोरले दीर तोताराम कुठल्याशा शिबिरात डोळा दाखवायला गेले होते ते एका डोळ्याचे होऊन आले. तेव्हापासून हे डोळ्याचा डॉक्टर म्हटलं की पायात चपला घालतात. काल मी सहज विषय काढला, तर जेवण टाकून शेतात गेले. एका डोळ्याने, मोटरसायकलवर, ट्रकांच्या गर्दीतून. ते परत येईपर्यंत मी देवापुढून उठले नाही.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार सांगावा. पाच चष्म्यांपैकी एक आता माझ्या कपाटात आहे, कागदासकट.

आपली,
बेबा

ता.क. १ : आता ज्यासाठी लिहिलं ते. टीव्ही उत्तम चालतो. त्यात काडीचीही खोट नाही. तरी ह्यांच्या नावे एक पत्र लिहून तुम्ही कबूल करावं, की तुम्ही बिघडलेला माल पाठवला, तुमची चूक झाली. आणि धुळ्यात एक माणूस डोळ्यांचं माप घेऊन असे चष्मे जुळवून देतो, मापाला स्वतः यावं लागतं, तरी आखाजीच्या सणाला दोघांनी यावं, असंही त्यात लिहावं. तो माणूस म्हणजे वहिनींचे डॉक्टर. खुर्चीत बसल्यावर हे उठणार नाहीत, चारचौघांत उठणं त्यांना शोभत नाही. तुमच्यावर विजय मिळवायला ते धुळ्याला नक्की येतील, मात्र एसटीने यावं असं लिहा, मोटरसायकलने नको.

ता.क. २ : तुम्ही मानी आहात, खोटी कबुली देणं जड जाईल, ठाऊक आहे. खोट्याचं पाप माझ्याकडे. मी आजपासून एक जप वाढवला आहे. आखाजीला तेरा दिवस आहेत, तेव्हा उलट टपाली लिहा.

ता.क. ३ : अक्षर स्वच्छ काढा. दोन वर्षं झाली, आलेलं प्रत्येक पत्र हे माझ्याकडे देतात आणि म्हणतात, तू वाच, तुझ्या तोंडून बरं वाटतं. मी खूश होऊन वाचत होते. तुमचं ते कबुलीचं पत्रही मीच ह्यांना वाचून दाखवणार आहे, आणि वाचताना मला अडखळून चालणार नाही.