पोलंडसमोर सारिकाची फजिती

५ सप्टेंबर, गुरुवार
शिक्षकदिनाच्या सत्काराचा नारळ घेऊन आले. उंद्रीच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं आणि आज नारळाबरोबर बातमी मिळाली. आमच्या पोरांचा पोलंडच्या एका शाळेशी ऑनलाइन प्रोजेक्ट सुरू झालाय. चालवतंय कोण? सारिका. माझीच विद्यार्थिनी, आता तिथेच शिक्षिका. वर्गात 'मला'ऐवजी वऱ्हाडी 'मले' म्हणाली की जिला मी बाकावर उभं करायचे, ती. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली या गावात मी एकटी, आणि मला कोणी विचारलंही नाही.
सूड घेणार.

९ सप्टेंबर
घरात गणपती आहेत, राग धरू नये. पण हा राग तत्त्वाचा आहे.
सारिका दर्शनाला आली. प्रोजेक्टचा विषय म्हणे 'गावातली जुनी माणसं'. मुलाखत द्याल का, म्हणाली. जुनी! मी हो म्हटलं, वर मोदकही दिला. शत्रूला गाफील ठेवावं.

११ सप्टेंबर, सकाळ
प्लॅन तयार. आधी माझं इंग्रजी भाषण, चार पानं. मग सगळ्यांसमोर सारिकाला इंग्रजीत अवघड प्रश्न. तिची बोबडी वळेल. पोलंडच्या मॅडम विचारतील, या विदुषी कोण? प्रोजेक्ट माझ्याकडे.
ह्यांना भाषण वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर घोरायला लागले.

२० सप्टेंबर, दुपार
सेशन झालं. भाषण तिसऱ्या वाक्यावर थांबवावं लागलं. पोलंडच्या मॅडमनी सारिकाला विचारलं, बाई कोणत्या भाषेत बोलतायत? युरोपात इंग्रजीची ही दशा. सारिकाने हातवारे करत मोडकंतोडकं काहीतरी सांगितलं, तर ती पोरं माना डोलवायला लागली. दोन्हीकडे सारखंच अज्ञान.
तेवढ्यात माझ्या मागून सातवीतला शिवम कॅमेऱ्यात बघून वेडावू लागला. मी त्याला मोजक्या, शुद्ध शब्दांत समज दिली. पोलंडची पोरं हसली. शिवमलाच हसली असणार.
प्रश्न राहून गेले. सूड पुढच्या वेळी.

२५ सप्टेंबर
सारिका घरी आली. वाटलं, माफी मागायला. तिने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. त्यात एक बाई कमरेवर हात ठेवून गरजतेय, "दात काऊन काहाडून राह्यला बे शिवम्या? देऊ का एक ठेवून?"
साडी माझी आहे. आवाज माइकमुळे बदलतो.
ह्यांनी तीनदा लावायला सांगितलं.
पोलंडच्या वर्गात सगळे आता एकमेकांना 'काऊन बे' म्हणतात म्हणे. मॅडमचा निरोप आहे, आमच्या मुलांना या बाईंकडून ही भाषा शिकायची आहे. मी म्हटलं, सारिकाची ती मातृभाषा, तिनेच शिकवावी. तर ती अगदी नम्रपणे म्हणाली, "नाही मॅडम. त्याइले तुमीच पाहिजे."
विचार केला. नाही म्हटलं तर पोलंड सारिकालाच मिळतो. हो म्हटलं.

२७ सप्टेंबर, दुपार
पहिला तास. शिस्त चांगली. एका आगाऊ पोरीने फोनवर शोधून 'मला' म्हटलं. 'मले' येईपर्यंत सोडली नाही. बाकावर उभं करणार होते, पण ऑनलाइन ती सोय नाही.
सारिका सगळा वेळ दारात उभी. शेवटी म्हटलं, बस की.
"राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या तासाले मले उभं राहाचीच सवय हाये."