खडकावर मरणारी गाडी आणि माझ्या दुकानाची वाटणी

मी, शांतम्मा मल्लप्पा हत्तुरे, वय ६९, धंदा इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना डॉक्टरांचे रक्तदाब मोजायचे यंत्र दोनदा बंद पडले. मी बॅटरीच्या स्प्रिंगवरचा गंज खरवडून ते चालू करून दिले. त्यानंतर त्यांनी माझ्या बुद्धीबद्दल पुढे काही विचारले नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे दीर गुरुशांत आणि त्यांचे चिरंजीव ऋतुराज माझ्या मरणाची इतक्या मनापासून वाट पाहत आहेत, हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते. मला मूलबाळ नाही. राहते घर आणि खालचे दुकान माझ्या नावावर, माझ्या कमाईतून घेतलेले आहे. गुरुशांत यांना ही गोष्ट चाळीस वर्षे पचलेली नाही. पुढेही पचण्याची चिन्हे नाहीत.

कलम १. वरचे घर, घरातील भांडीकुंडी, दागिने आणि बँकेतील सर्व ठेवी माझी विधवा नणंद निंगव्वा हिला द्याव्यात. ती गेली बावीस वर्षे माझ्यासोबत राहते. या घराण्यात माझ्या कामाला काम म्हणणारी ती एकटीच.

कलम २. व्यापारी मंडळाने माझे पती कै. मल्लप्पा यांना 'कुशल तंत्रज्ञ' म्हणून दिलेले पितळी सन्मानचिन्ह गुरुशांत यांना द्यावे. ते त्यांना फार आवडते. त्याचा खुलासा येथे करणे भाग आहे.

माझे वडील अक्कलकोटला लाउडस्पीकर भाड्याने देत. दहाव्या वर्षी मी अॅम्प्लिफायर उघडत होते. लग्न होऊन आले तेव्हा मल्लप्पांना रेडिओचे मागचे झाकण काढता येत होते. बसवता येत नव्हते. मी शिकवले. पण बाईच्या हातात रेडिओ द्यायला गिऱ्हाईक कचरेल म्हणून दुकानात मध्ये पडदा लावला. पुढे ते बोलत, मागे मी सोल्डर करत असे. गिऱ्हाईक म्हणत, "मल्लप्पांच्या हाताला गुण आहे." ते नाही म्हणत नसत. सन्मानाच्या दिवशी ते फेटा बांधून स्टेजवर गेले आणि मी दुकान उघडे ठेवले. माणूस वाईट नव्हता. फक्त खोटेपणाची सवय झाली होती आणि ती सवय मीच लागू दिली.

ते गेल्यावर चौदाव्या दिवशी गुरुशांत अवजारे न्यायला आले. "वैनी, आता हे कोण वापरणार?" म्हणाले. मी त्यांचाच बिघडलेला टीव्ही त्यांच्यासमोर उघडला आणि चालू केला. तर म्हणाले, "दादानं चांगलं शिकवलंय की." त्या दिवशी मी पडदा उतरवला आणि फरशी पुसायला घेतला.

कलम ३. या कलमात मी कोणाला काही देत नाही. पुढची वाटणी अशी का, ते सांगते.

गेल्या दिवाळीत ऋतुराजने खडकावर चढणारी रिमोटची गाडी घेतली. तिला क्रॉलर म्हणतात. हातभर लांब, मोठी चाके, चाल मुंगीची. ऋतुराजचे वय वर्षे चौतीस, शिक्षण इंजिनीअर, त्यामुळे गाडीचा छंद असायला माझी हरकत नाही. हरकत त्याच्या दुरुस्तीला आहे. गाडी सपाटीवर नीट चाले. खडकावर चढताना चाके पूर्ण वळवली की ती दोन सेकंद मेल्यासारखी पडे, मग आपोआप जागी होई. त्याने मोटर बदलली. मग मोटरचा वेग सांभाळणारी पेटी, ईएससी, बदलली. मग रिमोट आणि गाडीतला रिसीव्हर बदलला. शेवटी चाके वळवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्वो, बाजारातला सगळ्यात ताकदवान आणून बसवला. त्यानंतर गाडी जास्तच मरू लागली. याला तो अपग्रेड म्हणे. दोष न शोधता नवीन वस्तू आणण्याला इंजिनीअर लोकांत हा शब्द असावा.

मग तो माझ्याकडे आला. "काकू, मोटर बदलली, ईएससी बदलली, रिमोट बदलला, सर्वो बदलला. आता काय राहिलं?"

"तू राहिलास," मी म्हटले.

रिसीव्हरच्या पिनांना मीटर लावला, पुढचे चाक हाताने घट्ट धरले आणि त्याला स्टेअरिंग वळवायला सांगितले. व्होल्टचा आकडा सहावरून तिनावर आला आणि गाडी मेली.

"दिसलं?"

"काय?"

दिसत असूनही न दिसणे हा त्याला वडिलांकडून आलेला वारसा आहे. सर्वो आणि रिसीव्हर दोघांनाही ईएससीतूनच वीज मिळत होती. चाक दगडात अडले की सर्वो सगळा करंट ओढून घेई आणि रिसीव्हर उपाशी पडे. जितका ताकदवान सर्वो, तितका रिसीव्हर उपाशी. मी सर्वोला थेट बॅटरीवरून वेगळा रेग्युलेटर दिला, त्याची लाल तार रिसीव्हरपासून तोडली, काळी एकत्र ठेवली. पाऊण तासाचे काम. बदललेली एकही जुनी वस्तू खराब नव्हती. त्याने त्या भंगार म्हणून माझ्याच टेबलाखाली टाकल्या.

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपल्यानंतरच्या रविवारी विजापूर रस्त्यावरच्या बंद खाणीत या गाड्यांची स्पर्धा झाली. ऋतुराजची गाडी उभ्या कपारीवर चाके वळवून चढली, एकदाही मेली नाही. पहिला नंबर आला. त्याने माईक घेतला. मी पुढच्याच खुर्चीवर होते.

"पूर्ण इलेक्ट्रॉनिक्स मी स्वतः अपग्रेड केलं," तो म्हणाला. "खूप रिसर्च लागतो. आमच्या काकूपण आल्यात, त्यांनी सगळ्यांसाठी डबा आणलाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डब्याला.

मी उठून निघाले होते, तेवढ्यात एक मुलगी आडवी आली. संस्कृती तिचे नाव, वय सव्वीस. उजनीच्या पाण्याकाठच्या गावात पंपांच्या जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग करते, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळते. घरी बनवलेली गाडी घेऊन आली होती आणि चौथी आली होती.

"मावशी, त्या गाडीचं काम तुमी केलंय न्हवं?"

"कशावरून?"

"सर्वोला येगळी लाईन दिलीया. सोल्डर बघितला मी, लई साफ हाय. त्यांच्या हातचा न्हाय त्यो. बॅटरी जोडताना हात कापतुया की त्यांचा."

पन्नास वर्षे काम केले. हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आले. मी रडले नाही. तिला डबा दिला आणि म्हटले, "बस. काय विचारायचं ते विचार."

दुसऱ्याच दिवशी बापलेक कागद घेऊन हजर. दुकानाचे 'क्रॉलर हब' करायचे होते. गुरुशांत म्हणाले, "वैनी, तुम्हाला आता नीट दिसतं तरी का? सही करा, आम्ही सांभाळतो." ऋतुराज म्हणाला, "काकू, तुम्ही बसा की काउंटरमागे. कोणी दुरुस्ती विचारली तर मला आवाज द्या."

म्हणजे मला पुन्हा मागे बसवायचे होते. मी कागद वाचला, त्यात स्पेलिंगच्या दोन चुका काढून परत दिला.

कलम ४. खालचे दुकान, त्यातील सर्व मीटर, सोल्डरिंगची हत्यारे, सुट्या भागांचे डबे आणि माझ्या नोंदींच्या वह्या उपरोक्त संस्कृती हिला द्याव्यात. ती दर मंगळवारी एसटीने येते. चुकते, पण एकच चूक दोनदा करत नाही. हत्तुरे घराण्यात असे मी कोणी पाहिले नाही. ऋतुराजने भंगारात टाकलेली मोटर, ईएससी, रिसीव्हर आणि तिने आणलेला सांगाडा यांतून आम्ही दोघींनी एक गाडी जुळवली आहे. ती उत्तम चढते. तीही संस्कृतीचीच. दुकानाच्या पाटीवर तिने स्वतःचे नाव लिहावे, माझे नको. दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली काम करण्यात काय जाते, ते मला माहीत आहे.

कलम ५. ऋतुराज यास काहीही देऊ नये. तो विसरून राहिलेला नाही. आठवण ठेवून वगळला आहे.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकील सिद्धेश्वरी यांनी करावी. ज्याला यातून काही मिळणार नाही असाच साक्षीदार घ्या, असे त्यांनी बजावले. एक डॉक्टर मिळाले. दुसरा शोधायला मला लांब जावे लागले नाही. त्याला आज अकरा वाजता बोलावले आहे. साक्षीदाराने फक्त माझी सही होताना पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो. पण तो मागेल तर कागद वाचायला द्यावा, अशी माझी निंगव्वाला सूचना आहे. तो मागणार नाही. व्यवसायाच्या जागी काय लिहायचे ते त्याचे त्याने ठरवावे.

ठिकाण: सोलापूर. मंगळवार, दिनांक २५ फेब्रुवारी २०२५.

लिहून ठेवणार: शांतम्मा मल्लप्पा हत्तुरे (सही)

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार १: डॉ. आबासाहेब गुंड, व्यवसाय: वैद्यकीय (सही)

साक्षीदार २: ऋतुराज गुरुशांत हत्तुरे, व्यवसाय: क्रॉलर इलेक्ट्रॉनिक्स तज्ज्ञ, प्रथम क्रमांक विजेता (सही)