गाळाच्या टाकीवरून आलेली सून

आई, यंदा गौर तुमच्या नातसुनेनं आत आणली. वन्संनी तुमच्या फोटोसमोर उभं राहून तक्रार करायच्या आत मी, तुमची धाकटी सून, स्वतःच सांगून टाकते. ज्या हातांनी आणली ते हात दिवसभर मैल्याच्या गाळाशी असतात, हेही मीच सांगते. लपवायचं असतं तर कागद कशाला खर्ची घातला असता? कॅलेंडरचं उलटून गेलेलं पान आहे, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

तुम्ही गेलात तेव्हा आमचा मुलगा शाळेत होता, त्यामुळे त्याची बायको तुम्ही पाहिलेली नाही. इंजिनिअर आहे. खराडीला काचेच्या ऑफिसात बसायचं सोडून तिनं नदीकाठच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात काम धरलं. शहराचं सांडपाणी साफ केल्यावर खाली जो काळा गाळ उरतो, त्याचं काय करायचं, हे तिचं काम. मी मॅट्रिक, पण समजेपर्यंत तिला सोडत नाही. एकदा मी इडलीची डाळ वाटत होते आणि ती ओट्याला टेकून सांगत होती. तो गाळ पंपानं नळीच्या एका अरुंद गळ्यातून जोरात सोडतात. गळ्यात वेग वाढला की दाब एकदम पडतो आणि बारीक बुडबुडे धरतात. पुढे नळी रुंद झाली, दाब परत आला, की ते बुडबुडे आतल्या आत कोसळतात आणि त्या धक्क्यानं गाळातल्या जंतूंची टरफलं फुटतात. मग पुढच्या बंद टाकीत तो गाळ लवकर कुजतो, गॅस जास्त निघतो आणि मागे उरतो तो कमी. "बुडबुड्यात एवढा जोर?" मी विचारलं. "आई, पंपाचं लोखंडसुद्धा कुरतडतात ते." मी म्हटलं, "म्हणजे हे वाटणच झालं की. आख्खी डाळ कधी धड आंबते का? वाटली की सकाळपर्यंत फुगून वर येते." ती हसत सुटली. "हे मी आमच्या साहेबांना सांगू?" "सांग. पण डाळ कुणाची तेही सांग."

गौरी येण्याच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "वहिनी, उद्या गौर कोण घेणार?" मी म्हटलं, "सून." "ती? ती तर गाळाच्या टाकीवर असते ना?" "असते. उद्या सकाळीही जाणार आहे. गौरीची म्हणून टाकी काही सुट्टी घेत नाही." "मग सोवळ्याचं काय?" "वन्सं, गौर माहेरी येते, तिच्या वाटेत मुठा लागते. वास तिच्या ओळखीचा आहे." वन्सं रागावल्या. म्हणाल्या, "आई असती तर हे चाललं असतं?" मी म्हटलं, "नसतं चाललं. म्हणून तर मी ठरवतेय."

तेव्हा मला बुधवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्या दिसत होत्या. लग्नानंतरची माझी पहिलीच गौर. ऐन वेळी मोरी तुंबलीय, पाणी पार चुलीशी आलंय, सगळ्या जणी लुगडी वर धरून "अगं बाई, अगं बाई" करतायत. मी कोपरापर्यंत हात घालते आणि केस, शितं, चिंध्या ओढून काढते. पाणी घळकन उतरतं. वळून बघते तर तुम्ही दारात. "आज तू गौरीला हात लावू नकोस." एवढंच. आणि मी कोरड्या केलेल्या त्याच फरशीवरून मोठ्या जाऊबाई गौर घेऊन आल्या. बोळवणीनंतर तुम्ही गौरीपुढचा खण न बोलता माझ्या हातात ठेवलात. मी तो शिवून विरेपर्यंत घातला, वाया कशाला घालवायचा? पण ती माफी होती असं मी तेव्हा समजले नाही, आज तर मुळीच समजत नाही. मी रोज पूजा करते, आई, एक दिवस चुकवलेली नाही. माझ्या गौरीला घाण उपसणाऱ्या हाताचा विटाळ होत असेल, तर ती घाण करणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आधी व्हायला हवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून मुखवटा घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी तिच्या पायांवर दूधपाणी घातलं, कुंकू लावलं. कुंकवाच्या पावलांवरून ती आत आली, मागे वन्सं ताटावर चमचा वाजवत. रागावल्या तरी रीत सोडायच्या नाहीत, तुमचीच लेक. मग गौरीला घर दाखवायचं. "इथे काय आहे?" "स्वयंपाकघर, भरल्या डब्यांचं." "इथे काय आहे?" "कपाट, दागिन्यांचं." दागिने बेताचेच, पण गौरीला तसं कुणी सांगत नाही. सून बाल्कनीच्या दारावरून परत फिरत होती. मी म्हटलं, थांब. बाहेर तिचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट धुऊन उपडे वाळत घातले होते. "इथे काय आहे?" मी मोठ्यानं विचारलं. ती गोंधळली. हळूच म्हणाली, "बूट." मी म्हटलं, "बूट नव्हे. पावलं म्हण." वन्संचा चमचा थांबला. सुनेनं गौरीचं तोंड त्या बुटांकडे वळवलं आणि स्पष्ट म्हणाली, "पावलं आहेत." क्षणभरानं चमचा पुन्हा वाजायला लागला. जरा हळू, पण लागला.

हा कागद तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाहीये. वन्सं फोटो पुसतात, त्यांच्या हाती लागायचा. शिवाय त्यात एक गोष्ट लिहायची राहिलीय, ती लिहिली की तुम्ही हसाल. त्या दुपारी सून टाकीवरून आली, तडक न्हाणीघरात गेली, जरीची साडी नेसून बाहेर आली. मी तिच्या हातात मुखवटा दिला. द्यायच्या आधी, वन्संना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, विचारलंच, "केसांवरून आंघोळ केलीस ना गं?"