नकाशा चढेना

३ नोव्हेंबर, सोमवार

डोंगराच्या चढावर हे दर थोड्या वेळाने थांबायचे. "थांब गं, लेस सुटली." मी धापा टाकत टोमणा मारायची — "चाळीस वर्षांत एक गाठ धड बांधता येत नाही!" हे हसायचे, आणि सावकाश बांधायचे.

आज ह्यांचं ते हातातलं जीपीएस यंत्र संगणकाला जोडलं. डोंगराचा नकाशा ह्यांनी स्वतः आखला होता, यंत्रात चढवायचा तेवढा राहिला. रविवारी त्यांना जाऊन वर्ष होईल. नणंदबाई आणि मी त्याच वाटेने माथ्यावर जाणार. मध्ये रानात वाटा फुटतात, नकाशाशिवाय जाणं म्हणजे वेडेपणा.

पडद्यावर काय? "शिल्लक वेळ : अकरा तास." एका डोंगरासाठी!

४ नोव्हेंबर, मंगळवार

नव्वद टक्क्यांवर बंद पडलं. पुन्हा शून्यापासून. मेलं!

५ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात गेले. दुकानदार यंत्राकडे धड न बघताच म्हणतो, "आजी, हे आता वस्तुसंग्रहालयात द्या. नवीन घ्या." केस पांढरे झालेत माझे, अक्कल नाही गेलेली!

लेकाला फोन केला. "आई, मोबाइलवर सगळं असतं." असतं ना — बाबांनी पायी फिरून काढलेल्या वाटा सोडून! तसं सुनावलं. "बरं बाई, वायर बदलून बघ." बदलली. दहा तास. केवढी कृपा!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉन्व्हेंट शाळेतल्या, विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर आठवल्या. बादली भरेना म्हणून आम्ही टाकीला नावं ठेवत होतो. त्या म्हणाल्या, "आधी नळ बघा, मुलींनो."

नळ! वायर कुठलीही लावा, यंत्राचं तोंडच बारीक. मग त्या तोंडाने जायचंच कशाला? मागचं झाकण उघडलं, बॅटऱ्या काढल्या. खाली नखाएवढं कार्ड! पुन्हा दुकानात जाऊन कार्ड रीडर मागितला. "कशाला, आजी?" "नातीला खेळायला," म्हटलं. घरी येऊन कार्ड थेट संगणकाला लावलं. सोबत आख्ख्या देशाचा नकाशा जात होता, तो वगळला. फक्त आमचा डोंगर.

चार मिनिटं!

आणि हे अकरा वर्षं रात्रभर वायर लावून ठेवायचे. "यंत्राला घाई करू नये." मीही मुकाट ऐकून घेतलं!

९ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या चढाशी पोचलो, तर पडद्यावर बाणाशेजारी अक्षरं उमटली. ह्यांनीच नकाशात टाकलेली खूण — "इथे लेस. हिला दम लागतो."

नणंदबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, दादाची लेस कधीच सुटायची नाही हो. आईने दुहेरी गाठ शिकवली होती."

माथ्यापर्यंत अशा नऊ खुणा. नऊही ठिकाणी मी थांबले.

लबाड माणूस! सांगायचं नाही का?

१० नोव्हेंबर, सोमवार

माझ्यामागे — यंत्र नातीला, नकाशासकट. चढावर तिलाही दम लागतो. कार्ड रीडर लेकाला. माझी चढायची काठी नणंदबाईंना. वायर कचऱ्यात.

ह्यांचे बूट माझ्याबरोबर. लेस कुणी सोडायच्या नाहीत.